पावसाळ्यात घरातल्या घरात बेसबॉलचा सराव : पिचिंग मशीन घ्यावे का, आणि घेतले तर कसे वापरावे?

भांडुपच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची १२ वर्षांची मुलगी शाळेच्या बेसबॉल संघात आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदानावर पाणी आणि चिखल असल्यामुळे फलंदाजीचा सराव जवळजवळ बंद पडतो. घरी १८ फूट लांबीची बैठकीची खोली आहे आणि सोसायटीच्या तळमजल्यावर ३२ फूट लांब व १४ फूट रुंद सभागृह आहे, जे आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर मिळू शकते. घरगुती पिचिंग मशीन, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारे यंत्र, घ्यावे का, घेतल्यास कोणते, किती अंतरावर ठेवावे आणि वेग किती असावा, असे त्यांनी विचारले आहे.

मुंबईत गेली वीस-बावीस वर्षे मी शाळकरी मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतो, आणि त्यातले बहुतेक पावसाळे असल्याच सभागृहांत गेले आहेत. माझे मत असे की सभागृहासाठी मशीन अवश्य घ्यावे, परंतु ते हलक्या चेंडूंचे असावे. बैठकीच्या खोलीत मात्र मशीन लावू नये, कारण तिथे त्याहून स्वस्त आणि अधिक उपयोगी अशा गोष्टी करता येतात. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे मशीन लावताना वेगाचा आकडा विसरून जावा आणि चेंडू मुलीपर्यंत पोहोचायला किती वेळ घेतो, तेवढेच पाहावे. घरगुती सरावात होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, पट्टी होम प्लेटपासून (फलंदाज जिच्या बाजूला उभा राहतो त्या जमिनीवरच्या पाटीपासून) ६० फूट ६ इंचांवर असते, तर लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मैदानावर हेच अंतर ४६ फूट असते. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूचा प्रत्यक्ष प्रवास त्याहून चार-सहा फुटांनी कमी होतो. लहान मैदानावर एखाद्या मुलीने ताशी ८० किलोमीटरने टाकलेल्या चेंडूला सुमारे ४२ फूट पार करायला ०.५८ सेकंद लागतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यातला ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू ०.४ सेकंदाच्या आसपास फलंदाजापर्यंत येतो. आता आपल्या सभागृहाचा हिशेब करू. फलंदाजाच्या मागे जाळी आणि भिंत यांसाठी साडेपाच फूट आणि मशीन व चेंडू घालणारी व्यक्ती यांसाठी साडेतीन फूट सोडले, तर मधले अंतर २३ फूट, म्हणजे सुमारे ७ मीटर उरते. तेवढ्या अंतरावरून ‘सामन्यात ८० ने येतो, म्हणून इथेही ८०’ असे ठरवून मशीन लावले, तर चेंडू ०.३२ सेकंदात पोहोचेल. म्हणजे व्यावसायिक खेळाडूला मिळतो त्याहूनही कमी वेळ आपण एका १२ वर्षांच्या मुलीला देत आहोत. ती तरीही चेंडू मारायला शिकेल, पण पाहून नव्हे. आधीच बॅट फिरवायला सुरुवात करून, अंदाजाने. ही सवय पुढे सोडवताना मला एकेका मुलामागे अख्खा मोसम घालवावा लागलेला आहे. ७ मीटरवरून ताशी ४५ किलोमीटर ठेवल्यास वेळ ०.५६ सेकंद येतो, जो तिच्या सामन्यातल्या वेळेच्या अगदी जवळ आहे. सुरुवात ४० ने करावी आणि ४५ वर बराच काळ राहावे.

मशीनवरच्या बटणाचा आकडा प्रमाण मानू नये. सच्छिद्र प्लॅस्टिकचे आणि फोमचे चेंडू हवेत फार लवकर मंदावतात, त्यामुळे मशीनमधून सुटतानाचा वेग आणि प्लेटवरचा वेग यांत मोठे अंतर पडते. त्यापेक्षा मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा वापरावा. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोड बहुतेक चांगल्या फोनमध्ये असतो. फोन बाजूला, जाळीच्या बाहेर, मशीनचे तोंड आणि प्लेट दोन्ही दिसतील असा ठेवून दहा चेंडू चित्रित करावेत आणि चेंडू तोंडातून बाहेर पडल्यापासून प्लेटवर येईपर्यंतची चित्रे मोजावीत. १३० ते १४० चित्रे भरली, तर वेळ बरोबर आहे. ९० च्या आसपास भरली, तर मशीन मागे घ्यावे किंवा वेग कमी करावा.

वेळ जुळली म्हणजे सगळे जुळले असे मात्र होत नाही. कमी अंतरावरून सावकाश येणारा चेंडू कमानीसारखा येतो आणि प्लेटवर अधिक तिरका पडतो. मशीनचे तोंड मुलीच्या कमरेच्या उंचीवर असेल, तर वरच्या हिशेबात चेंडू साधारण १२ अंशांनी खाली येत असतो आणि हे सामन्याच्या बरेच जवळ आहे. पिचरचा हात वरून येतो म्हणून पुष्कळ पालक मशीन स्टुलावर चढवतात. एवढ्या कमी अंतरावर त्यामुळे चेंडू २० अंशांहून अधिक तिरका होतो आणि तो गाठण्यासाठी मुली खालून वर उचलून मारू लागतात. म्हणून सभागृहात मशीन खालीच, कमरेच्या उंचीवर ठेवावे.

मशीन कोणते, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. यंत्राने चेंडू टाकण्याची कल्पना जुनी आहे. १८९७ साली प्रिन्स्टन विद्यापीठात चार्ल्स हिंटन या गणिताच्या अध्यापकाने बंदुकीच्या दारूवर चालणारे पिचिंग यंत्र तयार केले होते. आज प्रामुख्याने फिरत्या चाकांची, यांत्रिक हाताची आणि चेंडू नुसता अलगद उडवून देणारी, असे प्रकार मिळतात. आपल्यासाठी हलके, फोमचे किंवा खळगे असलेले प्लॅस्टिकचे चेंडू टाकणारे लहान चाकांचे मशीन पुरे. दोन चाके एकावर एक असलेल्या मशीनमध्ये खालचे चाक जास्त वेगाने फिरवले, तर चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि तो कमी खाली झुकतो. वरचे चाक जलद ठेवले, तर क्रिकेटमधल्या टॉपस्पिनसारखा तो लवकर खाली झुकतो. १२ व्या वर्षी यांतले काही करू नये, दोन्ही चाके सारखी ठेवावीत. चामड्याच्या खऱ्या चेंडूंचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम असते आणि मोठ्या मशीनमधून ते टाकता येतात, पण २३ फुटांवरून मारलेला तसा चेंडू समोर मशीनजवळ उभ्या असलेल्या आईवडिलांच्या अंगावर परत येतो, हे विसरू नये. बंद सभागृहात अशा चेंडूंना मी परवानगी देत नाही.

परदेशातून मशीन मागवणार असाल, तर एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासावी. अमेरिकेतली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असते, तर आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावून पहिला भाग सुटतो, दुसरा सुटत नाही. साधी एसी इंडक्शन मोटर असेल, तर ५० हर्ट्झवर ती सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि तापतेही अधिक. डीसी मोटर किंवा बॅटरीवर चालणारे मशीन असेल, तर ही अडचण येत नाही. सभागृहातल्या लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन आणि पंखा एकत्र चालवू नये, कारण दाब कमी झाला की चाके मंदावतात आणि चेंडू मध्येच पायाशी पडू लागतात. अर्थिंग असलेलाच प्लग वापरावा, पावसाळ्यात ओलसर फरशीवर तर विशेषच.

चेंडू सगळे एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले असावेत. हे वाक्य किरकोळ वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात आमच्या टोपलीत जुने, गुळगुळीत झालेले चेंडू होते आणि त्यात नवे आणलेले सहा चेंडू मी घाईत मिसळले. जुन्या चेंडूंसाठी मशीन थोडे वर रोखलेले होते. चाकांनी नव्या चेंडूला घट्ट पकडले आणि तो इतरांपेक्षा दोन फूट उंच, एका मुलीच्या कपाळाच्या रेषेत गेला. हेल्मेट होते म्हणून फक्त आवाज झाला. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून सराव सुरू करण्यापूर्वी प्रत्येक चेंडू कोरड्या फडक्याने पुसून, हातात दाबून पाहिला जातो, आणि पहिले पाच-सहा चेंडू समोर कुणीही नसताना टाकले जातात. मुंबईच्या दमट हवेत चाकांवर धूळ आणि घामाचा चिकट थर बसतो, तोही दर दोन दिवसांनी प्लग काढून पुसावा लागतो. चेंडू अडकला तर आधी प्लग काढायचा आणि मगच हात घालायचा. याला अपवाद नाही.

जाळीविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण इथे मुंबईत एक सोय हाताशी आहे. धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत क्रिकेटच्या सरावाची जाळी मिळते आणि तिच्या घरांतून बेसबॉलच्या आकाराचा चेंडू जात नाही. मात्र गोल्फच्या चेंडूएवढे लहान प्लॅस्टिकचे चेंडू वापरायचे असतील, तर ते तिच्यातून आरपार निसटू शकतात. त्यांच्यासाठी आपल्या खिडक्यांना कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी उत्तम चालते. फोमच्या चेंडूंनाही ती पुरते, जड चेंडूंना नाही. जाळी कधीही ताणून बांधू नये. ताणलेल्या जाळीवरून चेंडू उसळून परत येतो. वरून सैल सोडलेली आणि फरशीवर हातभर लोळणारी जाळी मात्र चेंडूला पोटात घेते आणि तो तिच्या पायथ्याशी निमूटपणे पडतो. भिंतीपासून ती किमान दीड फूट पुढे असावी. फलंदाजाच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि खिडक्यांवर जाळी हवी, आणि मशीनसमोर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, चेंडू बाहेर पडण्यापुरती कापलेली संरक्षक चौकट हवी, जिच्या आड चेंडू घालणारी व्यक्ती पूर्ण झाकली जाईल.

सभागृहातला छताचा पंखा बंद ठेवावा, कारण वर उडालेला चेंडू पात्याला लागून कुठेही जाऊ शकतो. उकाड्यावर उपाय म्हणून उभा पंखा लावण्याचा मोह होतो, पण त्याच्या वाऱ्याने सच्छिद्र चेंडू अर्धा फूट सहज सरकतो. मी दहा चेंडूंच्या फेरीत पंखा बंद ठेवतो आणि फेऱ्यांच्या मध्ये लावतो.

आता बैठकीची खोली. १८ फुटांतून पुढची-मागची जागा वजा केली, तर मशीन आणि प्लेट यांत जेमतेम ११ फूट उरतात आणि तिथे कुठल्याही वेगाला योग्य वेळ आणि योग्य कोन दोन्ही मिळत नाहीत. शिवाय अॅल्युमिनियमच्या बॅटचा आवाज खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या दुपारच्या झोपेला जितका जाचक, तितकाच आपल्या घरातल्यांनाही. तिथे बॅटिंग टी, म्हणजे चेंडू ठेवायची उभी दांडी, वापरावी. समोर चार फुटांवर सैल जाळी आणि तिच्या मागे दोरीवर वाळत घातल्यासारखी जुनी गोधडी लावली, की फोमच्या चेंडूचा आवाजही जवळजवळ नाहीसा होतो. टी पुढच्या पावलाच्या रेषेत किंवा किंचित पुढे ठेवावी, मागे नाही. मुलीने बॅट हातात घेऊन, हात पूर्ण लांब करून, सावकाश एक गिरकी घ्यावी आणि बॅटचे टोक जिथे पोहोचते, त्याच्याही पुढे दोन फूट काहीही असू नये, ना टीव्ही, ना शोकेस, ना धाकटा भाऊ. दाराची कडी लावलेली असावी.

मुंबईतल्या मुलांची टीवर हटकून दिसणारी एक खोड म्हणजे क्रिकेटचा हात. आपली मुले चेंडू टप्पा पडून वर येण्याची वाट पाहत वाढतात आणि तो दिसताच वजन पुढच्या पायावर टाकून बॅट सरळ रेषेत खाली आणतात. बेसबॉलमध्ये टप्पा नाही. चेंडू हवेतूनच, उतरत येतो आणि बॅट त्याच उतरत्या रेषेला जवळजवळ सपाट, किंचित वर जात भेटावी लागते. त्यासाठी आधी मागच्या पायावर भार घेऊन नितंब फिरवावे लागतात. हे बदलणे मशीनसमोर शक्य होत नाही, कारण चेंडू येत असताना शरीर जुनीच सवय वापरते. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त टी, नंतर आठ-दहा फुटांवरून, चौकटीच्या आडून, कुणीतरी खालून हलकेच टाकलेले चेंडू, आणि मगच मशीन, हा क्रम मी कुणासाठीही मोडत नाही.

मशीनची खरी मर्यादा आकड्यांत दिसत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, जी सभागृहात दहापैकी नऊ चेंडू स्वच्छ मारत असे आणि ऑक्टोबरमध्ये मैदानावर गेल्यावर प्रत्येक चेंडूला आधीच बॅट फिरवून मोकळी होत असे. मी तिच्या सरावाचे चित्रण पाहिले, आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासह. आवाजासह पाहिल्यावर उलगडा झाला. चेंडू चाकांत शिरताना मोटरचा घुंऽऽ असा सूर क्षणभर जड होतो आणि बरोबर त्या क्षणी तिची टाच उचलली जात होती. ती चेंडू पाहत नव्हती, मोटर ऐकत होती. मशीनला हात नाही, खांदा नाही, उचललेला गुडघा नाही. पिचरच्या हालचालीवर स्वतःची हालचाल बेतणे, हे फलंदाजीचे अर्धे काम तिथे शिकलेच जात नाही.

यावर मी करतो तो उपाय असा. चेंडू घालणाऱ्याने चेंडू आधी चौकटीच्या कडेतून मुलीला दिसेल असा कानाजवळ धरावा, मग पिचर फेकतो तशी हाताची पूर्ण गती करून तो खाली आणावा आणि त्या गतीच्या शेवटी मशीनमध्ये सोडावा. मुलीने मागच्या पायावर भार घ्यायचा तो हात खाली येताना. हात वर धरून ठेवण्याचा वेळ दर वेळी बदलावा, कधी एक सेकंद, कधी तीन. मोटरचा सूर मग तिच्या कामाचा राहत नाही. चाकांना पुन्हा पूर्ण वेग घ्यायला मध्ये काही सेकंद लागतातच, त्यामुळे ही सावकाशी मशीनसाठीही बरी.

दुसरी मर्यादा अशी की मशीन प्रत्येक चेंडू मारण्याजोगाच टाकते. सामन्यात मात्र मारायचा की सोडायचा हा निर्णय आधी येतो. म्हणून चेंडूंवर पक्क्या मार्करने रुपयाएवढे ठिपके काढावेत, अर्ध्यांवर लाल आणि अर्ध्यांवर निळे, सगळ्या बाजूंनी दिसतील असे, आणि टोपलीत मिसळून टाकावेत. लाल दिसला तर मारायचा, निळा दिसला तर बॅट थांबवायची. पहिल्या दिवशी मुली सगळेच मारतात, दुसऱ्या दिवशी सगळेच सोडतात आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात डोळे कामाला लागतात. शिवाय दर तीन चेंडूंनंतर मशीनच्या मागच्या पायाखाली एक पातळ वही सरकवावी किंवा काढावी, म्हणजे चेंडूची उंची बदलते. प्लेटची रुंदी १७ इंच असते. तेवढा पुठ्ठा कापून फरशीवर चिकटवला, तर बाहेरून जाणारा चेंडू कोणता, हे तिला स्वतःलाच दिसू लागते.

दिवसाची सुरुवात न मारता करावी. पहिले दहा चेंडू बॅट खांद्यावर ठेवून, फक्त पाहत, चेंडू जाळीत जाईपर्यंत डोळ्यांनी त्याची पाठ न सोडता. नंतर दहा-दहा चेंडूंच्या चार फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती, आणि आठवड्यातून तीन दिवस. एवढे पुरे आहे. मशीन आहे म्हणून दोनशे चेंडू मारायला लावणारे पालक मी पाहिले आहेत. साठाव्या चेंडूनंतर थकलेले मनगट वेगळ्याच रीतीने फिरू लागते आणि पुढचे सगळे चेंडू ती चूक घट्ट करण्यात जातात. कानावर झापड असलेले बेसबॉलचे हेल्मेट फोमच्या चेंडूंनाही घालावे. आपोआप चेंडू सोडणारी नळी मशीनबरोबर मिळाली, तरी मुलीला एकटीला त्या मशीनसमोर कधीही सोडू नये. मशीनपाशी मोठे माणूस हवेच, आणि कुणीही जाळीच्या आत आले, तर त्याने मोठ्याने ‘थांब’ म्हणून हात वर करावा, हा नियम धाकट्या भावालाही पाठ असावा.

खर्चाचा क्रम सांगायचा, तर आधी टी आणि जाळी, मग हेल्मेट, मग एकाच जातीचे दोन डझन चेंडू, आणि पैसे उरले तर मशीन. मशीन सोसायटीतल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतले, तर सभागृहाची परवानगी मिळणेही सोपे जाते, आणि मुलींना आळीपाळीने एकमेकींचे निळे-लाल ठिपके ओळखायला लावता येतात. न मारणारी मुलगी जाळीबाहेरून मोठ्याने रंग सांगते, यात तिचाही सराव होतो. पावसाळा संपल्यावर बॅटरीचे मशीन असेल, तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर पुढच्या जूनपर्यंत ते गळून संपर्काच्या पट्ट्या गंजतात.

ऑक्टोबरमध्ये मैदान वाळले, की पहिल्या दोन दिवशी तिला खऱ्या पिचरसमोर बॅट न फिरवता उभे करा. तीस-चाळीस चेंडू तिने फक्त पाहावेत आणि प्रत्येक चेंडूला पिचरचा हात कुठे असताना आपली टाच उचलली, एवढेच आपल्याला सांगावे. ती मोटरच्या आवाजाची वाट पाहत असेल, तर तिथे ते लगेच कळेल. मग आठवडाभर मशीन झाकून ठेवून टीवर परत यायचे आणि नंतर हळूहळू पिचरचे चेंडू मारायला द्यायचे.